काउंटरवरचे ब्लॅक कोहोश : राज्यातील औषध दुकानदारांना खुले पत्र

राज्यातील सर्व औषध दुकानदार आणि फार्मासिस्ट यांस,

सप्रेम नमस्कार.

पाळी जायच्या वयातली बाई दुकानात येते, गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबते आणि मग हळू आवाजात सांगते, “अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो. हार्मोनची गोळी नको, काहीतरी नैसर्गिक द्या.” तुम्ही फळीवरून एक खोका काढता. वर फुलाचे चित्र, ‘मेनो’ने सुरू होणारे नाव आणि मागे बारीक अक्षरात आठ-दहा घटक. पहिल्या तीन-चारांत बहुधा ब्लॅक कोहोश असते, नाहीतर सोयाचे आयसोफ्लेवोन, म्हणजे सोयाबीनमधले स्त्रीहार्मोनसारखे घटक. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, शेड्यूल एचची लाल रेघ नाही, नोंदवही नाही. दोन मिनिटांत व्यवहार संपतो.

हे पत्र त्या दोन मिनिटांबद्दल आहे. ही कॅप्सूल विकू नका असे आम्ही म्हणत नाही. न विचारता विकू नका, एवढेच म्हणतो. ही बाई त्रासासाठी डॉक्टरकडे गेलेली नसते आणि बऱ्याचदा जाणारही नसते. तिच्या आणि त्या गोळीच्या मधे उभे असलेले एकमेव शिकलेले माणूस म्हणजे तुम्ही. म्हणून काय विचारायचे, खोक्यावर काय वाचायचे आणि काय सांगून द्यायचे ते इथे तपशिलाने लिहितो.

आधी वनस्पतीची ओळख, कारण अर्धे घोटाळे तिथेच होतात. ब्लॅक कोहोश आपल्याकडचे नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेला, ॲपलाचियन डोंगररांगांमधल्या सावलीच्या रानात ते उगवते. बचनाग आणि कलौंजी ज्या कुळातले, त्याच कुळातले हे झाड. म्हणजे नुसत्या कुळावरून विषारी की स्वयंपाकाचे हे ठरत नाही. वापरतात ते जमिनीखालचे खोड आणि मुळ्या. तिथले मूळ रहिवासी ते पूर्वापार वापरत. १८७५ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये लिडिया पिंकहॅम यांनी बायकांसाठी जे गाजलेले टॉनिक बाजारात आणले, त्यात ते होते. (त्या टॉनिकमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास मद्यार्कही होता, तेव्हा बायकांना नेमका कशाने आराम पडत असे हे सांगणे अवघड.) १९५६ मध्ये जर्मनीत त्याच्या अर्काचे औषध विक्रीस आले आणि १९८९ मध्ये तिथल्या वनौषधी समितीने दिवसाला ४० मिलिग्रॅम मुळाइतकी मात्रा, जास्तीत जास्त सहा महिने, अशी मान्यता दिली. २००२ च्या जुलैत अमेरिकेतील स्त्रियांवरची मोठी हार्मोन चाचणी मध्येच थांबवली गेली, हार्मोनची धास्ती जगभर पसरली आणि अशा गोळ्यांची मागणी वाढली. आपल्या फळीवर ती आली त्याच लाटेवर.

लेबलवर कधी ‘ॲक्टिया रेसिमोसा’ लिहिलेले असते, कधी ‘सिमिसिफ्युगा रेसिमोसा’. दोन्ही एकच, दुसरे जुने नाव. दोन वेगळ्या वस्तू समजून कोणी दोन्ही घेत नाही ना, ते पाहा. ‘ब्लू कोहोश’ मात्र सर्वस्वी वेगळे झाड आहे, कॉलोफायलम नावाचे, आणि ते धोकादायक आहे. नावात कोहोश आहे म्हणून एकाच्या जागी दुसरे देऊ नका. तुमच्याकडे होमिओपॅथीचे कपाट असेल तर आणखी एक गोष्ट. सिमिसिफ्युगा ३० किंवा २०० पोटेन्सीमध्ये मुळाचा अंश जवळजवळ नसतोच, पण मदर टिंक्चर (लेबलवर ‘क्यू’) म्हणजे मद्यार्कात काढलेला खराखुरा अर्क. सकाळी कॅप्सूल आणि संध्याकाळी ‘क्यू’चे थेंब घेणारी बाई एकच औषध दोनदा घेत असते आणि हे तिला कोणी सांगितलेले नसते.

आता मात्रेचा हिशेब. इथे जरा थांबायला हवे, कारण ‘४० मिलिग्रॅम’ हा आकडा खोक्यावर तीन वेगवेगळ्या अर्थांनी येतो. पहिला अर्थ, ४० मिलिग्रॅम मुळाची पूड. दुसरा, ४० मिलिग्रॅम मुळापासून निघेल तेवढा अर्क. मूळ जर्मन औषधात ६ ते ११ भाग मुळापासून १ भाग कोरडा अर्क निघतो, म्हणजे या अर्थाने गोळ्यांत प्रत्यक्ष अर्क जेमतेम ४ ते ७ मिलिग्रॅम असतो. तिसरा अर्थ, चक्क ४० मिलिग्रॅम कोरडा अर्क. तो दहास-एक प्रमाणाचा असेल तर ४०० मिलिग्रॅम मूळ झाले. छापलेला आकडा तोच, पोटात जाणारा माल दहापट. म्हणून मिलिग्रॅमच्या पुढे काय लिहिले आहे ते वाचा : पूड की अर्क, अर्काचे प्रमाण किती, कोणत्या द्रावकात काढला, आणि ट्रायटर्पीन ग्लायकोसाइड (ज्यावरून अर्काची ताकद मोजतात तो घटक) किती टक्के. बहुतेक अर्क २.५ टक्क्यांचे असतात. म्हणजे ४० मिलिग्रॅम अर्कात १ मिलिग्रॅम ग्लायकोसाइड, ८० मध्ये २. दिवसाला गोळ्या किती ते धरून गुणाकार करा. ज्या खोक्यावर ‘वनस्पती मिश्रण ५०० मिलिग्रॅम’ एवढेच आहे आणि कोणती किती ते नाही, तो फळीवर ठेवूच नका. असे खोके विकणाऱ्यालाही आपण काय विकतो ते सांगता येत नाही.

जेनेरिक बदलून द्यायची आपल्याला सवय आहे आणि पॅरासिटामॉलमध्ये ती योग्यही आहे. वनस्पतीच्या अर्कात ती चालत नाही. इथे अर्क काढण्याची पद्धत हाच औषधाचा भाग आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्काची चाचणी इथेनॉलच्या अर्काला लागू होत नाही, आणि पुडीला तर नाहीच नाही. तेव्हा “तेच आहे हो, दुसऱ्या कंपनीचं” हे वाक्य या खोक्यापुरते सोडून द्या. एका कंपनीच्या गोळीने बाईला दोन महिने बरे वाटले असेल तर तीच द्या, ती दुकानात नसेल तर नाही म्हणा. स्कीममध्ये आली म्हणून दुसरी देऊ नका.

भेसळीचा प्रश्न खरा आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ब्लॅक कोहोशच्या ३६ उत्पादनांचा डीएनए पाहिला. त्यांतल्या ९ उत्पादनांत, म्हणजे चारांत एकात, ब्लॅक कोहोशऐवजी त्याच्या आशियाई भावंडांचा माल होता. त्याआधी २००६ मधल्या रासायनिक तपासणीतही ११ पैकी ३ उत्पादनांत हेच आढळले होते. कारण सरळ आहे. अमेरिकेतले मूळ बहुतांशी रानातून खणून आणावे लागते, झाड सावकाश वाढते आणि भाव चढा असतो. चिनी वैद्यकात वापरली जाणारी त्याच वंशातली मुळे त्यामानाने स्वस्त आणि मुबलक. आणि फसवणूक पकडली जात नाही, कारण ट्रायटर्पीन ग्लायकोसाइड त्या भावंडांतही असतात. ‘२.५ टक्के’ ही चाचणी नकली मालही पास होतो. म्हणून वितरकाकडे विश्लेषणाचे प्रमाणपत्र मागाल तेव्हा टक्केवारीवर समाधान मानू नका. वनस्पतीची ओळख कशी पटवली, एचपीटीएलसीने (घटक वेगळे करून पाहणाऱ्या रासायनिक चाचणीने) की डीएनएने, हे विचारा. सिमिफ्युजिन नावाचा घटक आशियाई जातींत ठळक दिसतो, तो तपासला का, हेही विचारा. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि जिवाणूंचे आकडे त्याच कागदावर हवेत, आणि कागदावरचा बॅच नंबर तुमच्या खोक्यावरच्या बॅच नंबराशी जुळायला हवा. गेल्या वर्षीच्या दुसऱ्याच बॅचचा कागद दाखवून एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, मोकळा होतो. तसे होऊ देऊ नका.

गुण येतो का? प्रामाणिक उत्तर असे की येत असला तरी थोडा, आणि सगळ्या चाचण्यांत तो दिसत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत ३५१ स्त्रियांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत दिवसाला १६० मिलिग्रॅम अर्क दिला, २.५ टक्क्यांचा. झळांच्या, म्हणजे अंगातून निघणाऱ्या वाफांच्या, संख्येत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) फरक पडला नाही. त्याच चाचणीत हार्मोनने पडला. कॉक्रेन या चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१२ मधल्या आढाव्यात १६ चाचण्या आणि २०२७ स्त्रिया होत्या. निष्कर्ष असा की उपयोगी म्हणायलाही पुरावा पुरेसा नाही आणि निरुपयोगी म्हणायलाही. जर्मन अर्काच्या काही चाचण्यांत फायदा दिसतो, पण त्यांतल्या बऱ्याच उत्पादकांच्या पैशावर झालेल्या आहेत. उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ च्या मार्गदर्शनात झळांसाठी वनौषधी आणि सप्लिमेंटची शिफारस केलेली नाही.

मग इतक्या बायका “फरक पडला” का म्हणतात? झळांच्या चाचण्यांत नुसत्या साखरेच्या गोळीनेही झळा एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होतात. पाळी जायच्या काळात झळांचे चढउतार आपोआपही होत असतात आणि बाई दुकानात येते ती त्रास शिगेला पोचला असताना. त्यानंतर काहीही दिले तरी बरे वाटण्याची शक्यता मोठी. याचा अर्थ तिला काल्पनिक त्रास होता असा मुळीच नाही. इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन उतरले की मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राची सहनशक्ती अरुंद होते आणि एरवी शरीराने दुर्लक्षिले असते अशा अर्ध्या अंशाच्या फरकानेही रक्तवाहिन्या फाकतात, घाम सुटतो. त्रास खराच असतो. गोळीच्या नावावर जमा होणारे श्रेय मात्र तपासून घ्यावे लागते.

ब्लॅक कोहोश म्हणजे इस्ट्रोजेन नव्हे. पूर्वी तसे मानत असत. गर्भाशयाच्या अस्तरावर किंवा योनीच्या पेशींवर त्याचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम दिसत नाही. ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या मार्गाने काम करत असावे असा कयास आहे. यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट व्यवहाराची आहे. योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळची जळजळ, वारंवार लघवीची जळजळ आणि हाडांची झीज यांवर या कॅप्सूलचा उपयोग नाही. ‘मेनोपॉजसाठी संपूर्ण’ असे छापलेले असले तरी नाही. कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित मॉइश्चरायझर देता येते. इस्ट्रिऑलचे क्रीम डॉक्टरांनी लिहून द्यायचे असते आणि ते फार गुणकारी आहे. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, एवढे वाक्य तरी तिच्या कानावर घाला. ही तक्रार ती स्वतःहून सांगणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुकानात भगिनी फार्मासिस्ट असेल तर बोलणे तिच्याकडे सोपवा.

आता यकृत. ब्लॅक कोहोशनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. काहींना यकृत बदलावे लागले. प्रमाण फार थोडे आहे, पण २००६ मध्ये युरोप, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिला आणि ऑस्ट्रेलियात तो लेबलवर छापणे बंधनकारक झाले. जर्मन अर्काच्या पाच चाचण्यांतल्या १११७ स्त्रियांमध्ये यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या दिसल्या नाहीत, म्हणून दोष भेसळीच्या मालाचा असावा असाही एक तर्क आहे. असेल. पण तुमच्या फळीवरचा माल कोणता आहे हे जोवर पटत नाही, तोवर त्या तर्काचा बाईला उपयोग नाही. गुळवेलीच्या बाबतीत आपण हे पाहिले आहे. करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, दिसायला सारखी दुसरी जातही असू शकते. वादात कोणाची बाजू घ्यायची ते घ्या, पण ओळख न पटलेला माल दुकानात ठेवू नये यावर दोन्ही बाजू एकमताच्या निघतात.

इजा बहुधा दोन आठवडे ते तीन महिन्यांत दिसते, कधी बऱ्याच उशिरा. बाईला देताना लक्षणे मराठीत सांगा : अन्नावरची वासना उडणे, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणे, विनाकारण थकवा, अंगाला खाज, लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे. यांतले काहीही दिसले तर गोळी त्याच दिवशी बंद आणि एसजीपीटी, बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या. पित्त झाले म्हणून सोडा पिऊन गोळी चालू ठेवणे, ही इथली नेहमीची चूक. ‘थोडी कावीळ आहे’ म्हणून गावठी औषध वर घेणे ही त्याहून मोठी.

ज्यांना देऊच नये अशा बायका : यकृताचा कोणताही आजार असलेल्या, पूर्वी हिपॅटायटिस बी किंवा सी निघालेल्या, रोज मद्य घेणाऱ्या, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या. क्षयाचे औषध चालू असलेल्यांना तर मुळीच नको. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही आधीच यकृतावर भार टाकतात, आणि पुढे एसजीपीटी वाढले की बिचाऱ्या क्षयाच्या औषधालाच दोष देऊन उपचार थांबवले जातात. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, फिटची काही औषधे यांच्यासोबतही तेच. ॲटोर्व्हास्टॅटिनसारख्या स्टॅटिनवर असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्न. जी बाई “हार्मोन नको” म्हणते, तिला एकदा विचारा की का नको. भीती वाटते म्हणून, की डॉक्टरांनी मनाई केली म्हणून? टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही स्तनाच्या कर्करोगाची औषधे चालू असलेल्या बाईला झळा त्या औषधानेच येतात आणि ती तुमच्याकडे ‘नैसर्गिक’ मागायला येते. तिला ही कॅप्सूल तिच्या कर्करोगतज्ज्ञांच्या होकाराशिवाय देऊ नका, विशेषतः सोया किंवा रेड क्लोव्हर असलेली. त्यांच्याकडे झळांसाठी इतर औषधे असतात. व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन ही त्यांतली. पॅरॉक्सेटिन मात्र टॅमॉक्सिफेनचा परिणाम बोथट करते. अर्थात ही सगळी चिठ्ठीवरची औषधे आहेत.

‘मेनो’ खोक्यात ब्लॅक कोहोशच्या शेजारी कोण बसले आहे हेही पाहायला हवे. सोया आयसोफ्लेवोन ४० ते ८० मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस, पण लेबलवर कधी ग्लायकोसाइडचे वजन लिहितात आणि कधी साखर वगळून ॲग्लायकोनचे. पहिल्याचे १०० म्हणजे दुसऱ्याचे सुमारे ६०. इटलीतल्या एका चाचणीत १५० मिलिग्रॅम रोज अशी पाच वर्षे घेतल्यावर काही स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तराची वाढ दिसली, प्लासिबोत एकीचीही नाही. थायरॉइडची गोळी घेणारीला सोया आणि कॅल्शियम चार तासांच्या अंतराने घ्यायला सांगा, नाहीतर थायरॉक्सिन शोषले जात नाही आणि टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) का वाढला हे कोणालाच कळत नाही. जेष्ठमध असेल तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. बीपीची आणि लघवीची गोळी घेणारीला ते नको. अश्वगंधेने थायरॉइडचे आकडे हलतात, झोपेच्या गोळीची गुंगी वाढते आणि यकृताच्या तक्रारी तिच्याही नावावर आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. डॉन्ग क्वाय हे चिनी वैद्यकातले मूळ, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत घेतले तर रक्त आणखी पातळ करते. ईव्हनिंग प्रिमरोझच्या कॅप्सूल आपल्याकडे भरपूर खपतात. १९९४ मध्ये ५६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत दिवसाला ४ ग्रॅम देऊनही झळांवर प्लासिबोपेक्षा जास्त गुण दिसला नाही. आणि आपला लाडका शतावरी कल्प : त्यात शतावरी असते, पण चमच्यातला मोठा वाटा साखरेचा असतो. मधुमेहाची बाई दुधातून दोन वेळा दोन-दोन चमचे घेत असेल तर झळांआधी तिची साखर पाहा. शतावरी हवीच असेल तर साधी पूड आहे.

झळा म्हणून येणारा प्रत्येक घाम पाळीचा नसतो, आणि इथे तुमचा एक प्रश्न एखाद्या तपासणीइतका मोलाचा ठरू शकतो. मधुमेहावर ग्लिमेपिराइड घेणाऱ्या बाईला जेवणाआधी घाम, धडधड आणि थरथर होत असेल तर ती साखर उतरल्याची खूण आहे. ग्लुकोमीटर तुमच्याच दुकानात असतो. रात्रीचा घाम, वजन उतरणे आणि दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर क्षयाची तपासणी. वजन उतरते आहे, हात थरथरतात, उकाडा सहन होत नाही, तर थायरॉइड. बारा महिने पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसले, मग तो एक डाग का असेना, तर कोणतीही कॅप्सूल नाही. थेट स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी. “गरम पडलं असेल” म्हणून गर्भाशयाच्या कर्करोगाचे निदान महिनोन्‌महिने लांबते.

वय विचारायला संकोचू नका. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते. चाळिशीच्या आत गेली असेल, किंवा गर्भाशयासोबत अंडाशयही काढले असतील, तर प्रश्न नुसत्या झळांचा राहत नाही; हाडे आणि हृदय यांसाठी तिला बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपासपर्यंत हार्मोनची गरज असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये विधिमंडळात चर्चा झाली आणि चौकशी समिती नेमावी लागली. तिशीत शस्त्रक्रिया झालेल्या त्या भागातल्या बाईला महिन्याला पाचशे-हजाराची ‘नैसर्गिक’ कॅप्सूल विकणे म्हणजे तिला चुकीच्या दाराशी उभे करणे आहे. अंडाशय काढले की नाही हे तिला माहीत नसते. डिस्चार्ज कार्डावर असते. कार्ड घेऊन या म्हणा.

हे सगळे विचारून झाले आणि तरी तिला घ्यायचीच असेल, कोणतीही आडकाठी नसेल, तर द्या. पण अशी : एका वेळी एकच घटक असलेले उत्पादन, म्हणजे काही झाले तर कशाने ते कळेल. गोळी सुरू करण्याआधी दोन आठवडे कॅलेंडरवर रोजच्या झळांचा आकडा आणि रात्री किती वेळा जाग आली तो आकडा लिहायचा. मग जेवणानंतर, खोक्यावरच्या मात्रेपेक्षा जास्त न घेता, आठ ते बारा आठवडे. आकडे निम्म्यावर आले नाहीत तर बंद करायची. मात्रा वाढवायची नाही. आले तरी सहा महिन्यांच्या पुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पोट बिघडणे, पुरळ, डोकेदुखी हे किरकोळ त्रास होऊ शकतात. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर दोन आठवडे आधी थांबवायची आणि भूलतज्ज्ञांना सांगायचे. बायका इतर औषधांची यादी सांगताना ही गोळी वगळतात, कारण त्यांच्या लेखी ती औषधच नसते. एका वेळी तीन महिन्यांचा साठा देऊ नका. महिन्याचा द्या, म्हणजे ती परत येईल आणि तुम्हाला तिच्या डोळ्यांकडे पाहता येईल.

कायद्याचे थोडे. सारख्या दिसणाऱ्या तीन खोक्यांचे तीन वेगळे संसार असतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या १४ अंकी क्रमांकाचा खोका अन्नात मोडतो आणि त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. तुम्ही मात्र तो झळांवरचे औषध म्हणून देता. विसंगती लक्षात घ्या. आयुर्वेदिक उत्पादनावर आयुष विभागाचा उत्पादन परवाना असतो, होमिओपॅथिकवर आणखी वेगळा. तिन्ही एकाच फळीवर मिसळून ठेवू नका. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने मासिक पाळीचे आणि गर्भाशयाचे विकार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात निषिद्ध आहे, आणि वितरकाने दिलेले पोस्टर तुमच्या काचेवर लागले की जाहिरात करणारे तुम्हीही होता. फार्मसी प्रॅक्टिसच्या २०१५ च्या नियमावलीत रुग्णाला सल्ला देणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून लिहिलेले आहेच. त्यासाठी आमच्या पत्राची गरज नव्हती.

शेवटचे, नोंदीबद्दल. त्रास झालेली बाई परत येते तेव्हा आपण गोळी बदलून देतो आणि विषय तिथेच मिटतो. त्यामुळे या गोळ्यांच्या दुष्परिणामांची भारतातली माहिती जमाच होत नाही, आणि मग माहिती नाही म्हणून धोका नाही असा प्रचार होतो. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. रुग्णांनी भरायचा अर्ज मराठीतही मिळतो. वैद्यकीय महाविद्यालयांमधल्या दक्षता केंद्रांत कागदी अर्ज देता येतो. आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक उत्पादनांसाठी आयुषची स्वतंत्र दक्षता केंद्रे आहेत. दोष गोळीचाच होता हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नाही, संशय पुरे. चार गोष्टी लागतात : रुग्णाची नावाची आद्याक्षरे व वय, काय त्रास झाला, कोणते उत्पादन घेतले, आणि कळवणाऱ्याचे नाव. पाचवी गोष्ट म्हणजे बॅच नंबर. तो गोळ्यांच्या पाकिटावर काठाला छापलेला असतो आणि बाई नेमका तोच कोपरा कापून दोन-दोन गोळ्या पर्समध्ये टाकते. म्हणून बिलावर बॅच लिहा, आणि त्रास झाला म्हणून कोणी उरलेल्या गोळ्या परत आणल्या तर त्या फेकू नका. पिशवीत बंद करून, तारीख घालून, बाजूला ठेवा. मालाची ओळख पटवायची वेळ आली तर तपासायला त्याच गोळ्या लागतील.

आपले,
औषधशास्त्र, स्त्रीरोग आणि आयुर्वेद या विषयांत काम करणारे काही जण